नारायण पेठेतला वाडा: मागचा सोपा उतरवायचाय, पत्र्यांचं आणि जुन्या रंगाचं काय करू?

वाड्यातली लेक
नमस्कार मंडळी. आमचा वाडा पुण्यात नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पुढचा चौक, ओसरी आणि दिंडीदरवाजा राखायचाच आहे, त्यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. मागचा सोपा, म्हणजे पाच खणांची पडवी, मात्र पार खचलाय. स्ट्रक्चरल ऑडिटमध्येही तो उतरवा असंच आलंय.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पाणी आलं तेव्हा मागच्या मातीच्या भिंती बसल्या. आजोबांनी त्या पुन्हा उभ्या केल्या आणि कौलांऐवजी वर सिमेंटचे पत्रे टाकले. काल मोजले, 34 आहेत. वर शेवाळ चढलंय. एका पत्र्याचा कोपरा तुटलाय, तिथे जवळून पाहिलं तर वातीच्या कापसासारखे बारीक पांढरे तंतू बाहेर आलेले दिसतात. पन्हळीचा पाइपही त्याच मालाचा वाटतो.

एक ठेकेदार येऊन गेला. म्हणाला, "दोन दिवसांत घण घालून मोकळं करून देतो, राडारोडा आम्हीच उचलू." कुठे टाकणार विचारलं तर उत्तर नाही. पुढच्या भागात 78 वर्षांची आई आणि तीन वर्षांचा भाचा राहतात, म्हणून मला हे असं नको आहे. कोणाला बोलवावं, कोणत्या क्रमाने करावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओंकारेश्वरामागे
ताई, त्या ठेकेदाराला आधी नाही म्हणा. आमच्याकडे असंच झालं. पत्रे वरूनच फोडून खाली टाकले. आठ दिवस पंख्याच्या पात्यांवर, देव्हाऱ्यात, पिठाच्या डब्याच्या झाकणावर राखाडी धूळ बसत होती. मजुरांच्या तोंडाला नुसते रुमाल. त्यातला एक विशीचा मुलगा जेवायच्या सुट्टीत त्याच ढिगावर बसून डबा खात होता, ते आजही डोळ्यांसमोर येतं. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

कडीपाट
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामावर मी बावीस वर्षं सुपरवायझर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे वाडा पाडत नाहीत, उतरवतात. ज्या क्रमाने चढला त्याच्या उलट क्रमाने. पण त्याही आधी विषारी माल बाहेर काढायचा आणि मगच भिंतीला हात लावायचा. हा क्रम चुकला की सगळा राडारोडाच दूषित होतो आणि मग वेगळं काही काढता येत नाही.

पत्रे साठच्या दशकातले आहेत, तर तपासणीची वाट न बघता त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे तंतुमय घातक खनिज, आहे असंच धरून चाला. अशा पत्र्यांत साधारण 8 ते 15 टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट. अख्खा पत्रा नुसता पडून असेल तर फारसा धोका नाही. फोडला, कापला, भोक पाडलं, घासला की तंतू हवेत येतात, आणि ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात गेलेला तंतू बाहेर येत नाही. त्रास सुरू व्हायला 20 ते 40 वर्षं लागतात, म्हणून कोणी गांभीर्याने घेत नाही. कागदावर हवंच असेल तर त्या तुटलेल्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा ओला करून दोन पिशव्यांत बंद करा आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या.

उतरवताना: पाण्यात थोडं भांड्यांचं साबण घालून फवारणीच्या पंपाने पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा. गंजलेले हुक फिरत नाहीत, ते कटरने तोडा, पत्र्याला ड्रिल लावू नका. पत्र्यावर पाय देऊ नका, जुना पत्रा माणसासकट खाली येतो. कैचीवर (छताच्या तिकोनी सांगाड्यावर) फळ्या टाकून त्यावरून काम करा. एकेक पत्रा अख्खा, दोराने खाली. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलेलं असावं, त्यात दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी मारायची आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचं. झाडू अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ती फडकीही त्याच गठ्ठ्यात टाकायची.

मजुरांना बदलत्या पी100 (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) फिल्टरचा रबरी मास्क द्या, खर्च तुम्ही करा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही, हे आधी सांगा. एकदाच वापरायचा पांढरा सूट द्या आणि आंघोळीची सोय वाड्यातच करा. कामाचे कपडे घरी गेले की बायकामुलांपर्यंत धूळ जाते. आई आणि भाचा तेवढे दिवस दुसरीकडे राहू देत.

माळ्यावर कबुतरं असतीलच. ती विष्ठाही कोरडी झाडू नका, तिने दम्यासारखा त्रास होतो. ओली करून पोत्यात भरा, मास्क तोच.

रविवारची पिशवी
सोपं आहे, सगळ्या सोप्यावर पाइपने भरपूर पाणी मारत राहा. धूळच उडणार नाही.

कडीपाट
दादा, तुमचा हेतू बरोबर आहे, पण हे कृपया करू नका. पांढऱ्या मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती आहेत. पाइप सोडला की पाया भिजतो आणि भिंत उभीच्या उभी बसते. ताईंनी वर लिहिलंच आहे, 1961 ला त्यांच्या भिंती पाण्यानेच बसल्या. पत्र्याला फवारा, भिंतीला फक्त धुक्यासारखा तुषार, तोही हात लावायच्या ठिकाणापुरता. शेजाऱ्यांशी सामाईक भिंत असेल तर तिला आधी टेकू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आणि वाड्यात आड (छोटी विहीर) असेल तर पहिल्याच दिवशी त्यावर लोखंडी जाळी आणि फळ्या टाका. राडारोडा आडात लोटायची पद्धत आहे आपल्याकडे. त्याने पाणी जातं ते कायमचं.

सफेदा
रंगाबद्दल मी सांगते, आमचं रंगाचं दुकान तीन पिढ्यांचं आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. सफेदा, म्हणजे पांढरा रंग, शिशाचाच, आणि लोखंडाला लावायचा शेंदूरही. आपल्याकडे रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या, आणि त्यातही पन्नास-साठ वर्षं जुन्या थरांवर भरवसा ठेवू नका. चौकटीला सुरीने तिरका छेद दिलात तर थर दिसतील: वर चॉकलेटी, मग हिरवा, मग आकाशी, तळाशी पांढरा. तो तळचा जास्त वाईट.

सँडपेपर मशीन नाही, ब्लोलॅम्प नाही. ओलं करून पत्रीने (खरवडायच्या पात्याने) खरवडायचं, पापुद्रे गोळा करायचे. भाचा लहान आहे म्हणून जास्त काळजीने सांगते, मुलं हात तोंडात घालतात आणि शिसं त्यांच्या मेंदूवर परिणाम करतं. अजून एक, रंगवलेली फळकुटं बंबात जाळू नका. पेठांत कित्येक घरी अजून बंब पेटतो आणि उतरवलेलं लाकूड फुकट म्हणून त्यात जातं. सगळं शिसं धुरातून आणि राखेतून घरातच येतं, आणि त्या राखेने पुन्हा भांडी घासतात. जुन्या बाजारात सागवान विकलंत तरी घेणाऱ्याला रंगाचं सांगा, तो नेऊन रंधा मारणार आहे.

वाड्यातली लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बंबाचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे आहे. गुंडाळलेले पत्रे नेमके कुठे द्यायचे?

कडीपाट
टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. महापालिकेच्या राडारोड्यात मिसळायचं नाही. वाकडेवाडीला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आपल्या भागाचा घातक कचरा रांजणगाव एमआयडीसीतल्या केंद्रात जातो, कमी मालासाठी त्यांची काय पद्धत आहे ते कळेल. पोच हातात घ्या आणि जपून ठेवा. माती, विटा, चुना वेगळा, तो वाघोलीच्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पाकडे. चांगल्या विटा, घडीव दगड आणि पांढरी माती मात्र देऊ नका, पुढच्या चौकाच्या दुरुस्तीला हीच लागणार आहे.

माणूस निवडताना पाडणारा ठेकेदार शोधू नका. आधी संवर्धनाचं काम केलेला आर्किटेक्ट गाठा, इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेत चौकशी केलीत तर नावं मिळतील. मग त्याच्याकडून सुतार. सोपा सुताराने उतरवायचा असतो. कामाच्या करारात "पत्रा फुटल्यास काम थांबेल" असं एक वाक्य घाला. वारसा यादीत वाड्याचं नाव नसलं तरी महापालिकेच्या हेरिटेज सेलला एकदा भेटा, आणि परवानगी हातात आल्याशिवाय एक खिळाही काढू नका.

वाड्यातली लेक
सात आठवड्यांनी लिहितेय. 34 पैकी 31 पत्रे अख्खे उतरले. तीन आधीच तडकलेले होते, ते भिजवून पिशव्यांत भरले. आई आणि भाचा आत्याकडे आहेत. सुतारकाका 70 च्या पुढचे आहेत, मास्क घालायला तयार नव्हते. त्यांच्या नातवाला फोनवर सांगायला लावलं, मग घातला. गठ्ठे गाडीत गेले, पोच मिळाली.

आता तुळया आणि खांब उतरवायचेत. प्रत्येकावर खूण करून ठेवायची आहे म्हणजे पुन्हा लावता येतील. खडू चालेल का?

कडीपाट
खडू पहिल्या ओलीला जातो आणि ऑइलपेंट लाकडात मुरतो. पत्र्याच्या, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या, रुपयाएवढ्या चकत्या कापा, खिळ्याने आकडा ठोकून उमटवा आणि खांबाच्या मागच्या अंगाला, तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) वीतभर वर बसवा. तळखड्यावरही तोच आकडा. उतरवायच्या आधी प्रत्येक जोडाचा चारही बाजूंनी फोटो काढा.

वाड्यातली लेक
उद्या सकाळी चकत्या करायला घेते. खांब नऊ आहेत.