हार्ड डिस्क पूर्वीसारख्या टिकत नाहीत. पटतंय का?

लोहचुंबक
घरगुती हार्ड डिस्कचा भरवसा गेल्या पंधरा वर्षांत घटलाय, असं माझं ठाम मत आहे. वॉरंटीच बघा. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले, भाव कडाडले आणि त्याच सुमारास वेस्टर्न डिजिटलने ब्लू आणि ग्रीन डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून दोनवर आणली. पूर ओसरला, भाव उतरले, पण ब्लूची वॉरंटी आजही दोनच वर्षं आहे. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो असं करत नाही.

दुसरा मुद्दा एसएमआरचा, म्हणजे दाटीवाटीने लिहिण्याच्या पद्धतीचा. या डिस्कमध्ये ट्रॅक, म्हणजे तबकडीवरच्या डेटाच्या गोल रेघा, कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते, तसंच इथे थोडा बदल करायचा तरी पुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवण पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकाला ते सांगितलेलं नव्हतं. अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचात (RAID) बिघडलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभारणं सुरू झालं की अशी डिस्क मध्येच अडकते, उत्तर द्यायला वेळ लावते आणि संच सांभाळणारा कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो.

कोकणकडा
साफ असहमत. वॉरंटी हा धंद्याचा हिशेब आहे, टिकाऊपणाचं मोजमाप नाही. मोजमाप हवं तर हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीचे आकडे बघा. २०१३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा हिशेब मांडला तेव्हा चार वर्षांनंतर सुमारे ८० टक्के डिस्क जिवंत होत्या आणि तीन वर्षं उलटल्यावर बिघाडाचा वार्षिक दर ११.८ टक्के होता. २०२४ मध्ये त्यांच्या सगळ्या डिस्कचा मिळून दर १.५७ टक्के होता.

आणि जुना काळ सोन्याचा नव्हता हो. २००० सालची आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी इतकी बदनाम झाली की लोक तिला डेथस्टार म्हणायचे, प्रकरण कोर्टात गेलं. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ चा फर्मवेअर दोष, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधला दोष, निघाला. डिस्क फिरते, डेटा शाबूत, पण कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बायोसला दिसतच नाही. जुन्यांपैकी ज्या टिकल्या त्याच आज समोर आहेत, म्हणून सगळ्याच टिकत असत असं वाटतं.

निळू
कोकणकडा, तुमच्या दोन आकड्यांत एक अडचण आहे. २०१३ ला बॅकब्लेझकडे मुख्यतः घरगुती डिस्क होत्या. पुरानंतर टंचाई होती तेव्हा तर दुकानातल्या बाह्य डिस्क फोडून त्यांनी वापरल्या. आज त्यांच्याकडे बहुतांश मोठ्या एंटरप्राइज, म्हणजे सर्व्हरसाठीच्या, डिस्क आहेत. म्हणजे सुधारणा दिसते ती त्या वर्गाची. गिऱ्हाईक घेतं ती अडीच इंची पोर्टेबल डिस्क या हिशेबात येतच नाही.

त्या पोर्टेबल डिस्कबद्दल जास्त बोलायला हवं. बऱ्याच मॉडेलांत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावर असतं, आत साटा जोडणी (डिस्कची नेहमीची जोडणी) नसतेच. केबलला हिसका बसून सॉकेट उखडलं की तबकड्या ठणठणीत असूनही डिस्क दुसऱ्या केसमध्ये घालता येत नाही. त्यात काही बोर्डांवर एन्क्रिप्शन असतं, पासवर्ड कधी ठेवलेला नसला तरी. नुसता बोर्ड बदलून भागत नाही, त्या डिस्कची खास माहिती असलेली मूळ बोर्डावरची रॉम चिप नव्यावर चढवावी लागते. डिस्क मेली नाही, पण डेटा गेल्यातच जमा.

कोकणकडा
एंटरप्राइजचा मुद्दा मान्य. पण सॉकेट तुटणं हा रचनेचा दोष झाला, तबकडी-हेडचा नाही. दोन्ही एकाच खात्यात घालू नका.

लोहचुंबक
ज्याचे फोटो अडकले त्याला खातं कुठलं याने काय फरक पडतो? रचनाही कंपनीचीच असते.

तबकडी
वाद चालू द्या, पण बरेच लोक चांगली डिस्क टाकून देतात आणि मरणारी वापरत राहतात. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते (स्मार्ट) ती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे), सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) या चार ओळी बघा. तिथली कच्ची संख्या मुळात षोडशमान पद्धतीत दिसते, ती सेटिंगमध्ये दशमान करून घ्या, नाहीतर १० म्हणजे सोळा हे लक्षात येत नाही.

सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. साटा केबल बदला. आकडा कमी होणार नाही, पण थांबेल. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा असलेले सेक्टर. लिहिता लिहिता वीज गेली तरी तिथे ८ दिसू शकतात, कारण ४०९६ बाइटचा एक सेक्टर ५१२ च्या आठ तुकड्यांत मोजला जातो. त्यावर पुन्हा लिहिलं की तो शून्य होतो. तेवढ्यावर डिस्क फेकू नका. पण सी५ दर आठवड्याला चढत असेल आणि मागोमाग ०५ सुद्धा, तर पृष्ठभाग झिजतोय.

अशा वेळी विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका, ते मरत्या डिस्कला राबवतं. तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, घ्या, कुठला भाग निघाला याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवून. पहिली फेरी '-एन' (-n) हा पर्याय देऊन, म्हणजे सोपे भाग आधी निघतात. मग राहिलेल्यासाठी तीन प्रयत्न. टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच नको, लगेच वीज काढा.

निळू
एक भर. या ओळी स्वच्छ आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर चारही मुख्य स्मार्ट संकेतांत एकही नोंद नव्हती.

लोहचुंबक
आणि त्या नोंदीही पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क वापरलेल्या निघाल्या. स्मार्टमध्ये चालू तास जवळपास शून्य, पण सीगेट डिस्कमध्ये वेगळी ठेवते त्या फार्म (FARM) नोंदीत हजारो.

तबकडी
फार्म नोंद स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रॅमच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येते. सीगेट घेतली की दोन्हीकडचे तास जुळवा, मग डेटा घालण्याआधी लांब चाचणी लावा, म्हणजे डिस्क स्वतःच सगळा पृष्ठभाग वाचून बघते. ४ टीबीला सात-आठ तास धरा, आणि बाह्य डिस्क असेल तर तेवढा वेळ ती झोपी जाणार नाही हे बघा, नाहीतर चाचणी मध्येच सुटते.