'दरोडा' नक्की कधी म्हणायचं?

रानपाखरू :
आमच्या इमारतीत रात्री एक बंद फ्लॅट फुटला. रहिवाशांसाठी सूचना लिहायचं माझ्याकडे आलं. मी 'दरोडा पडला' लिहिलं. सोसायटीतले एक निवृत्त फौजदार म्हणाले, "दरोडा नव्हे, घरफोडी. बदला ते." पण पेपरात तर बंद घरांवरही दरोडेच पडतात. काय लिहू?

ओसरी :
फौजदारसाहेब बरोबर आहेत. मी फौजदारी वकिली करते. गुपचूप उचलून नेलं की चोरी. कुलूप तोडून आत शिरले की घरफोडी. चोरीसाठी कुणाला मारलं, अडवून ठेवलं किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती घातली की जबरी चोरी. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर दरोडा. 1860च्या दंड संहितेत हे कलम 391 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 310 आहे. पाचाचा आकडा तोच. साध्या चोरीला पहिल्या खेपेस 3 वर्षांपर्यंत कैद, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत. म्हणून शब्द जपून वापरावा.

जुनीविहीर :
कोर्टात जपा. बोलताना कशाला? माझी आजी 'दरवडा' म्हणायची आणि तिनं कधी माणसं मोजली नाहीत. उलट इंग्रजांनीच 'डकैती' इथून उचलून कायद्यात घातली. शब्द आपला, व्याख्या त्यांची.

संत्रानगरी :
आमच्या नागपुराकडे सरळ 'डाका पडला'. दरोडा म्हणजे 'दार ओढणे' असं शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं.

जुनीविहीर :
'दरवडा'तल्या 'व'चं काय करायचं मग? पटत नाही.

ओसरी :
विहीरकाका, बोलण्यातला सैलपणा माणसाला भोवतो हो. पेपरात 'दरोडेखोर पकडले' छापून येतं, गुन्हा निघतो साध्या चोरीचा आणि त्या पोराला गाव जन्मभर दरोडेखोरच म्हणतं. खटला उभा राहायच्या आत! तोवर तो फक्त आरोपी असतो.

पाटावरवंटा :
'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' ही बातमी नेहमी वाचते. नुसती तयारी हा गुन्हा कसा?

ओसरी :
एरवी नुसत्या तयारीला सहसा शिक्षा नाही. दरोडा हा मोठा अपवाद. तयारीच काय, त्या हेतूनं जमणंही गुन्हा. तिथे मिरचीपूड, दोरी, कोयता पंचनाम्यात का दिसतात ते कळेल.

रानपाखरू :
एक सांगायचं राहिलं. चोरांनी मजल्यावरच्या बाकी घरांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. कॅमेऱ्यात चौघे दिसतात.

ओसरी :
मग प्रश्न खरा आहे. चोरी करता यावी म्हणून शेजाऱ्यांना कोंडलं, तर ती जबरी चोरी ठरते असा युक्तिवाद मी नक्की करीन. आणि खाली गाडीत पाचवा मदतीला थांबला असेल, तर तोही मोजायचा.

जुनीविहीर :
म्हणजे रानपाखरूंचा 'दरोडा' बरोबर!

ओसरी :
तपासाआधी नाही. सूचनेत 'घरफोडी'च लिहा. आणि ज्यांनी फिर्याद दिली त्यांना सांगा, एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. कड्यांचा उल्लेख त्यात आहे ना, तेवढं बघा.

संत्रानगरी :
फिर्यादीत कायम 'कडीकोयंडा तोडून' असतं. कडी आणि कोयंडा एकच ना?

पाटावरवंटा :
छे, कडी फिरते. ती ज्यात अडकते तो चौकटीतला कोयंडा.

जुनीविहीर :
आमच्याकडे बरोबर उलटं म्हणतात.