विषय: मळ्यावरचं बार्बेक्यू, कोळसा कसा पेटवायचा?

प्रेषक: बंड्या, अर्व्हाइन

नमस्कार मंडळी,

यंदा संक्रांतीला आपल्या कॅलिफोर्नियातल्या मंडळातली चार-पाच घरं एकाच वेळी सोलापुरात आहेत. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहेच. त्याच्या आधीच्या रविवारी अण्णांच्या मळ्यावर (मंगळवेढा रस्ता) दुपारी हुरडा आणि संध्याकाळी बार्बेक्यू असं ठरतंय. जागा अण्णांची, मसाला मावशींचा. घडीची जाळी मी बॅगेतून आणतो, नवीकोरी आहे, त्यामुळे विमानतळावर कटकट नको.

प्रश्न कोळशाचा. इथं मी पिशवी फोडतो, लायटर फ्लुइड ओततो, काडी लावतो. सोलापुरात ते मिळतं का, की मीच एक डबा आणू? नाहीतर रॉकेल चालेल ना? मुलांना भूक लागली की ती थांबत नाहीत, म्हणून पटकन पेटेल असं काहीतरी सांगा.

बंड्या

---

प्रेषक: मावशी, सोलापूर (सध्या)

अरे, रॉकेल आता कुठलं मिळायला? कापराच्या वड्या घाल खाली. मी धुपाटण्यात तसंच करते, दोन मिनिटांत निखारा होतो.

मसाला किती लोकांचा करू ते आधी सांगा. काळा मसाला मटणाला, पनीरला वेगळा.

---

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर

बंड्या,

रॉकेल नको, फ्लुइड नको. आणि मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढणारा एक तरी पाहुणा अशा बेताला असतोच, त्याला फाटकाच्या आत घेणार नाही म्हणून आत्ताच सांगून ठेव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि काडी ओढेपर्यंत ओढणाऱ्याच्या पायाशी पोचलेली असते. रॉकेल तसं भडकत नाही, पण कोळशाला भोकं भोकं असतात, तो ते पिऊन बसतो. वरचं जळून जातं, आतलं हळूहळू वर येत राहतं, आणि पनीर खाताना ते कळतं. तुझ्या फ्लुइडचंही तेच आहे, घाईत काढलं की वास राहतोच. तुमच्याच भागात, म्हणजे लॉस एंजेलिस आणि आसपासच्या हवेचा कारभार बघणाऱ्या साउथ कोस्टच्या खात्याने १९९० मध्ये यावर नियम केला, क्रमांक ११७४. कोळसा एकदा पेटवताना ०.०२ पौंडापेक्षा, म्हणजे साधारण ९ ग्रॅमपेक्षा, जास्त रासायनिक वाफ हवेत जाता कामा नये. तिथं विकलं जाणारं फ्लुइड त्या मापात बसवावं लागतं. उगीच नाही केला. आणि डबा आणण्याचं म्हणशील तर विमानात ते कुठल्याच बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येसुद्धा.

मावशी, कापूर देवापुढेच बरा. आरतीच्या ताटावर किती काजळी धरते ते बघताच तुम्ही. तीच जाळीवर आणि मटणावर येईल.

कोळशाला हवा लागते आणि थोडा वेळ लागतो. तुमच्याकडे दुकानात चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं, मिळतो, इथं शोधत फिरू नका, मी करून घेतोय. सोलापुरात चिमणी म्हटलं की लोक लगेच सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर येतात. ती २०२३ च्या जूनमध्ये विमानतळापायी पाडली आणि वाद अजून चहाच्या टपरीवर उभा आहे. ही आपली दीड वीत उंचीची, हिच्यामुळे कुणाचं विमान अडत नाही. काम मात्र जुन्या मिलच्या चिमणीचंच करते. आतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी खालच्या भोकांतून नवी हवा ओढली जाते आणि विस्तव स्वतःच चेतत राहतो. फुंकणी नको, पुठ्ठ्याने वारा घालणं नको, आणि केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नको, कारण ते ठिणग्या उडवतं.

करून घेताना एक गोष्ट सांभाळावी लागली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेल्डिंगवाल्याने आधी पांढरा पत्रा काढला. पांढऱ्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो लालभडक तापला की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, पण गिऱ्हाईक काय भाजणार हे ते कशाला विचारतील? काळा पत्रा घ्यायचा, बिनरंगाचा. सात-आठ इंच रुंद, फूटभर उंच, तळापासून तीन इंचांवर जाळी, जाळीच्या खाली चहूबाजूंनी भोकं, बाजूला लाकडी मूठ. तेलाच्या डब्याची दोन्ही तोंडं कापूनही जमतं, पण त्याला मूठ नसते. तापलेला डबा सांडशीत धरून ओतताना माणूस नाचायला लागतो. मुलं आहेत तिथं तो प्रकार नको.

कोळसा वेड्या बाभळीचा. इस्त्रीवाले जिथून नेतात त्या वखारीत पोत्याने मिळतो. मागताना लाकडी कोळसा असं स्पष्ट सांगायचं. दगडी कोळशात गंधक असतं, त्यावर खायचं काही भाजायचं नाही. तुमच्याकडच्या ब्रिकेटसारखा, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांसारखा, हा एका मापाचा नसतो. लवकर पेटतो, जास्त तापतो, लवकर संपतो, आणि दमट असला तर तडतडून फुटतो. पोतं आणून मी गच्चीवर उन्हात टाकणार आहे.

आता पेटवणं. जाळीखाली कालच्या पेपरची दोन पानं सैल चुरगाळून कड्यासारखी ठेवायची, मधे हवेला जागा राहिली पाहिजे. पुरवणीचा गुळगुळीत रंगीत कागद नको. कागदावर चमचाभर करडईचं तेल शिंपडलं की तो भसकन संपत नाही. वर कोळसा काठोकाठ, दोन किलोच्या आसपास. दोन-तीन भोकांतून काडी लावायची आणि बाजूला व्हायचं. पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येतो, तेव्हाच लोक वाकून आत बघतात. बघायचं नाही. धूर विरळ झाला, वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की तयार. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग वाऱ्याकडे पाठ करून, स्वतःपासून लांबच्या बाजूला, हळू ओतायचं. वेल्डिंगचे चामडी हातमोजे माझ्याकडे आहेत. ओतणाऱ्याच्या पायात बूट पाहिजेत, आणि नायलॉनची ओढणी किंवा सुटा पदर घेऊन कुणी जवळ थांबायचं नाही.

मधेच विझलं असं वाटलं तरी वरून काही ओतायचं नाही. कोळसा आतून गरमच असतो, ओतलेलं द्रव पेटतं आणि ज्वाळा धारेवरून बाटलीपर्यंत येते.

जागेचं मी बघतो. कडब्याची गंज विहिरीच्या अंगाला आहे, आपण दुसऱ्या टोकाला बसू. तुरकाट्यांचा ढीग गडी हलवेल. जमीन खरवडून पाणी मारून घेतो, दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू तयार ठेवतो.

अण्णा

---

प्रेषक: बंड्या, अर्व्हाइन

अण्णा, वीस मिनिटं फार झाली हो. शिवाय ओतल्यावर पुन्हा थांबायचं असणार. दोन चिमण्या केल्या तर?

आणखी एक. मुक्काम मळ्यावरच आहे ना? मुलांना कॅलिफोर्नियाच्या थंडीची सवय, म्हणजे थंडीची सवयच नाही. जेवण झालं की जाळीतले निखारे पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवावेत, खोली गरम राहील. धूर तर तोवर संपलेलाच असेल.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी

बंड्या, दुसऱ्या परिच्छेदाला उत्तर: नाही.

धूर संपला म्हणजे धोका संपला, इथेच सगळे फसतात. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस उठून बाहेर तरी जातो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. दिवसभर हुरडा खाऊन दमलेल्या माणसाला यात वावगं काय वाटणार? तो पांघरूण ओढून झोपतो. मुलांना आणि गरोदर बाईला धोका जास्त.

खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. खोली, दार लावलेली शेड, तंबू, गाडी, कुठेही पेटता कोळसा न्यायचा नाही. विझत आलेला तर नाहीच, कारण कमी हवेत धुमसणाऱ्या कोळशातून हा वायू जास्त सुटतो. गोधड्या जास्त आणा.

कुणाचं डोकं दुखायला लागलं आणि जवळ विस्तव असेल तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा. क्रोसिन देऊन वाट बघू नका.

---

प्रेषक: मावशी, सोलापूर (सध्या)

वहिनींनी बरं सांगितलं.

अण्णा, एवढा कागद, तेल, काड्या कशाला म्हणते मी. दुपारी आगटी पेटलेलीच असणार. गोवऱ्यांचा विस्तव संध्याकाळपर्यंत राखेखाली जागा असतो. पूर्वी शेजारून गोवरीवर विस्तव मागून आणूनच चूल पेटायची, तेव्हा कुणाकडे तेल शिंपडायला होतं? फावडंभर विस्तव घ्या आणि तुमच्या त्या चिमणीखाली घाला.

---

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर

मावशी, पटलं. तसंच करू. कागदापेक्षा ते भरवशाचं, गोवरीचा निखारा चिवट असतो आणि एकदा पूर्ण फुलला की धूर देत नाही. फक्त चिमणी विस्तवावर ठेवताना तळाची भोकं राखेने बुजता कामा नयेत, म्हणून खाली दोन विटा ठेवतो. पेपर आणि तेल जवळ असू दे, आगटी थंड पडली तर लागेल.

त्यासाठी आगटी नीट चालली पाहिजे. गेल्या वर्षी पाहुण्यांपैकी काही जण कणसं ज्वाळेवर धरत होते, वरून काळी आणि आतून कच्ची. गोवऱ्या जळून खाली बसू द्यायच्या, कणसं गरम राखेत खुपसायची, दाणा टपोरला की काढून हातावर चोळायची. हुरड्याची गूळभेंडी ज्वारी सांगून ठेवली आहे. शेंगाची चटणी प्रत्येकाने आपापली आणून स्पर्धा लावू नये, एका घरची पुरते.

बंड्या, दोन चिमण्या नकोत. आगटीवर गप्पा संपायच्या वीस मिनिटं आधी चिमणी लावायची, की थांबावं लागत नाही. निखारे ओतल्यावर सगळे एका बाजूला ओढून ठेव. तिकडे शीक, रिकाम्या बाजूला कांदा, ढोबळी मिरची, कणीस. चरबी निखाऱ्यावर गळून ज्वाळा उठली की पाणी मारायचं नाही, राख अंगावर उडते, मटण रिकाम्या बाजूला सरकवायचं. ऊब बघायची तर तळहात जाळीच्या वर चार-पाच इंचांवर धर. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर मटणाला ठीक, पाच-सहा सेकंद धरवला तर पनीरला.

---

प्रेषक: चिटणीस

मंडळी, शाकाहारी घरांकडून फोन आले. जाळी वेगळी हवी, चिमटा वेगळा हवा, आणि शक्यतो वाऱ्याची दिशाही वेगळी हवी. पहिल्या दोन गोष्टी जमवू. दुसरी जाळी कुणाकडे आहे?

राखेचं काय करायचं तेही ठरवा. मागच्या वेळी इथल्या पार्कात कोळसे कचराकुंडीत टाकले म्हणून आपल्याला पत्र आलं होतं.

---

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर

जाळी माझ्याकडे आहे, तिच्यावर आजवर वांग्याशिवाय काही भाजलेलं नाही. एकच चिमणी दोनदा भरू, पहिली शाकाहारींची, दुसरी मांसाहारींची. दुसरीला विस्तव पहिल्यातूनच मिळेल, त्याला तरी हरकत नसावी.

राख सकाळपर्यंत तिथंच राहील. रात्री झोपण्याआधी निखारे पसरून पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं. ओतताना तोंड बाजूला, वाफ जोरात येते. वाळू टाकून झाकायचं नाही, खाली दिवसभर तापलेलं राहतं आणि सकाळी पोरं अनवाणी तिथंच धावणार. आगटीच्या खड्ड्यालाही हेच, त्याभोवती दगड लावून ठेवतो. राख उकिरड्यावर कुणी नेऊन टाकू नका. विझलीय असं दिसणारा कोळसा दोन दिवसही आत धुमसू शकतो आणि वाळलेलं शेणखत पेटायला तेवढं पुरतं. झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात भरून गोठ्यापासून लांब ठेवू.

---

प्रेषक: बंड्या, अर्व्हाइन

फ्लुइडचा डबा बॅगेतून काढला. बायको म्हणते त्या जागी चिमटे आणि मोजे भर.

पोतं किती किलोचं घ्यायचं?

---

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर

दहा. मोठं पोतं सुटं करून देईल तो वखारवाला. चिमटे लांब दांड्याचे आण, इथं फुलक्यांचे मिळतात, ते आखूड पडतात.