मदत हवी आहे : घरची परिस्थिती, जंत आणि शाळेतली हजेरी

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय, प्रबंध पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांवर आहे. मिगेल-क्रेमर या अर्थतज्ज्ञांच्या २००४ च्या केनियातल्या अभ्यासात जंतांच्या गोळ्यांनंतर शाळेतली गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने घटली होती. त्यावर पुढे बराच वाद झाला, तोही वाचतेय. आपल्याकडेही शाळेत अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी देतात, पण नळाजवळ साबणाची वडी नाही आणि पोरं अनवाणी. अंकुशकृमी तर तळपायातूनच शिरतो, मग गोळीचा गुण टिकणार किती?

अडलंय ते इथे : घरची परिस्थिती मोजायची कशी? द्राक्षबागांत मजुरीला उतरणाऱ्यांचं उत्पन्न महिन्यागणिक बदलतं, नुसता आकडा विचारून भागत नाही. कुणाकडे मराठी प्रश्नावली आहे का? आणि प्रबंधाच्या कामासाठी आश्रमशाळेत जायला आदिवासी विकास आयुक्तालयात कोणते कागद द्यावे लागतात? अनुभव असेल तर कृपया सांगा.