व्हर्जिनिया वुल्फ: जेवणाच्या खोलीतला छापखाना

नवरा लिओनार्डच्या शिस्तीने इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फची घुसमट झाली, हे मत मला अर्धंच पटतं. दूध प्या, पडून राहा, वाचू-लिहू नका हा तिच्या मानसिक आजारावरचा उपचार त्या काळच्या डॉक्टरांचा, आणि तिला तो नकोसा होता हे खरंच. पण १९१३ मध्ये तिने झोपेच्या औषधाचा जबर डोस घेतला होता. त्यानंतर नवऱ्याने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, यात नवल ते काय?

आणि १९१७ मध्ये लंडनजवळच्या रिचमंडच्या घरी हातयंत्र आलं, ते या दोघांच्या हौसेनेच ना! चक्क जेवणाच्या खोलीत छपाई. लिहिण्याच्या ताणातून तिला हातांनी करायचं काही काम मिळावं, हा लिओनार्डचा एक हेतू. खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, जुळवायचं काम तिच्याकडे. सुरुवातीलाच तिने ‘एच’ आणि ‘एन’चे खिळे एकत्र करून घोळ घातला होता! त्या हातयंत्रातूनच होगार्थ प्रेस ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. १९२२ पासून तिच्या कादंबऱ्या तिथूनच निघाल्या, म्हणजे बाहेरच्या प्रकाशकाच्या होकाराची धाकधूक संपली. कादंबरी हातावेगळी होताना तिची तब्येत बऱ्याचदा ढासळायची, त्यामुळे हे थोडंथोडकं नव्हे. १९४१ च्या मार्चमधल्या शेवटच्या पत्रात आपल्या आयुष्यातल्या सगळ्या सुखाचं श्रेय तिने लिओनार्डलाच दिलंय.