मदत हवी आहे: मिग-२१ च्या ग्लॉस ब्लॅकवर सुताचे तंतू बसायलेत, मागाच्या गल्लीत स्प्रे करायचा कसा?

नमस्कार मंडळी. इथे स्केल मॉडेलवाले किती आहेत कल्पना नाही, पण गाड्यांचं पेंटिंग करणारे, एअरब्रश वापरणारे कुणी असाल तरी प्लीज वाचा, कारण माझी अडचण रंगापेक्षा हवेची जास्त आहे.

मी सोलापूरचा, पूर्व भागात घर, दोन्ही अंगाला पॉवरलूम. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, टॉवेलचे माग चालू असले की सुताचे बारीक बारीक तंतू दिवसभर हवेत असतात. नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, पण खिडकीच्या जाळीवर आणि पंख्याच्या पात्यांवर आठवड्याभरात पांढरा थर धरतो. गल्लीची चूल त्याच्यावर पेटते, त्यामुळे मागांबद्दल माझी काही तक्रार नाही, मला फक्त ह्यात राहून काम कसं करायचं ते कळायला पाहिजे.

आता मॉडेलचं सांगतो. आमच्या मागच्या बोळात एक काका आहेत, एअरफोर्समधून रिटायर झालेले, मिग-२१ च्या एफएल ह्या जुन्या प्रकारावर एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचं काम बघणारे) होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा टीव्हीसमोर आम्ही दोघं बसलेलो, आणि ते म्हणाले ही बायसन रे, सुधारलेली मिग-२१, आमची एफएल २०१३ लाच गेली, तिला एवढं कुणी बघितलं पण नाही. तेव्हाच ठरवलं की काकांना एफएल करून द्यायची, उघड्या चंदेरी पत्र्याची, खाली जीपी-९ गन पॉडवाली, कारण एफएलला पोटात तोफ नव्हती, तो २३ मिलिमीटरचा पॉड नंतर खाली लावायला लागला हे काका दर वेळी सांगतात.

स्केल १/७२. खऱ्या विमानाचा पंखाचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे माझ्याकडे जेमतेम १० सेंटिमीटर. जोडकाम झालंय, शिवणी भरून घासून झाल्यात, ग्रे प्रायमर पण नीट बसलाय. धातूचा रंग अल्क्लॅड कंपनीचा आणलाय, लॅकर म्हणजे झटपट वाळणारा, आणि त्याच्या खाली काळा चकचकीत थर पाहिजे म्हणतात म्हणून टामिया एक्स-१ (चकचकीत काळा अ‍ॅक्रिलिक) एअरब्रशने मारतो. मारताना एकदम काच. अर्ध्या तासाने टॉर्च तिरका धरून बघितलं की पंखावर, पाठीवर, शेपटीवर तंतू रुतून बसलेले असतात. दोन मिलिमीटरचा एक तंतू म्हणजे खऱ्या विमानावर चौदा सेंटिमीटरचा दोर झाला की हो! त्याच्यावर चंदेरी रंग गेला की तो अजून उठून दिसतो.

सेटअप असा: वरची छोटी खोली, ०.३ नोझलचा एअरब्रश, छोटा कॉम्प्रेसर, आणि पुठ्ठ्याच्या बूथला (ज्या खोक्यात धरून स्प्रे करतो) मागून मोठा एक्झॉस्ट फॅन, तो खिडकीतून बाहेर टाकतो. बूथ रोज पुसतो. सध्या ऊन ४२ च्या घरात त्यामुळे शेजारच्या खोलीत कूलर चालू असतो. उन्हाचा दुसरा ताप असा की रंग पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पंखाच्या मुळाशी खरखरीत पूड बसल्यासारखं होतं, थिनर वाढवला तर ओघळतो.

तर तंतू रोखायचे कसे, बसलेले काढायचे कसे, आणि एवढ्या उन्हात रंग गुळगुळीत पडायला काय करायचं? खोली बदलणं शक्य नाही. जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

भाऊ मी इचलकरंजीचा, त्यामुळे तुमचं दुखणं मला पाठ आहे.

तुमचा एक्झॉस्ट फॅनच तंतू आत ओढतोय. साधी गोष्ट आहे, फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार तेवढी हवा कुठून तरी खोलीत येणारच, आणि ती दाराच्या फटीतून, जिन्यातून, जाळीतून येते, सगळी मागाची हवा. ती जाते कुठे तर बूथच्या तोंडातून तुमच्या ओल्या विमानावरून. बूथ कितीही पुसा. फॅन चालू करून दाराच्या फटीपाशी पेटलेली उदबत्ती धरा, धूर कुठं पळतो ते दिसेल (थिनरची बाटली उघडी असताना हे अजिबात करू नका, आधी करा).

फॅन बंद करा असं मी म्हणणार नाही, लॅकरचा वास छातीत जातो आणि खोलीत वाफ साठली तर आगीची भीती. त्याऐवजी हवा आत यायची वाट एकच ठेवा आणि ती गाळून घ्या. दाराखाली ओला पिळलेला टॉवेल, तुमच्याकडे त्याला तोटा नाही. बाकी फटींना मास्किंग टेप. आणि दुसऱ्या एका झडपेला एसीचा फिल्टर मिळतो त्याचा तुकडा कापून घट्ट बसवा. झडप मोठी घ्या, छोटी घेतली तर फॅन धापा टाकतो आणि हवा परत फटींतूनच येते. फॅन पण रेग्युलेटरवर कमी करता येत असेल तर करा, १/७२ ला एवढा ओढा लागत नाही.

कूलर त्या वेळेपुरता बंद. तो बाहेरची हवा आत ढकलतो, शिवाय दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो.

प्रतिसाद

मी पुण्यात गॅरेजला गाड्या रंगवतो, मॉडेल कधी केलं नाही पण वरचे दादा बरोबर बोलले. आमच्या बूथमध्ये वरून गाळलेली हवा ढकलतात आणि खालून काढतात, त्यामुळे फटीतून हवा आत येत नाही, बाहेर जाते.

अजून एक गोष्ट म्हणजे स्टॅटिक, घासल्याने येणारी वीज. प्लास्टिक कोरड्या कापडाने पुसलं की ते तंतू स्वतःकडे ओढून घेतं, आणि तुमच्याकडे एप्रिल-मे ची हवा कोरडी म्हणजे अजूनच. भांड्याच्या लिक्विडच्या पाण्याने धुवा, आपोआप निथळू द्या, रंगाआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसा, तेही तंतू न सुटणाऱ्या कापडाने, सुती फडक्याने नाही. फरशीवर पाणी मारा, हवेत स्प्रे बाटलीने एक फवारा मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, तंतू खाली बसतात. सुती बनियनवर स्प्रे करू नका, रेनकोटसारखं गुळगुळीत काहीतरी घाला, अर्धे तंतू आपल्याच अंगावरचे असतात. आणि शेवटचा हात मारला की लगेच वर झाकण, प्लास्टिकचा डबा उपडा टाकला तरी चालतो.

बसलेला तंतू ओला असताना चिमट्याने उपटायचा मोह होतो, करू नका, खड्डा पडतो. पूर्ण वाळू द्या, मग २००० चा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने, जागेपुरता.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर त्या प्लास्टिकवर जोरात मारू नका, पृष्ठभाग खातो. एअरब्रश धुवायला ठीक.

प्रतिसाद

बरीच वर्षं विमानं करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुम्हाला सगळीकडे काळा आरसा हवाच कशाला? अल्क्लॅडच्या ज्या जास्त चमकणाऱ्या शेड आहेत, पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम वगैरे, त्यांना ग्लॉस ब्लॅक लागतो. साधा अ‍ॅल्युमिनियम, डार्क अ‍ॅल्युमिनियम, ड्युरॅल्युमिन हे गुळगुळीत ग्रे प्रायमरवर पण छान बसतात. आणि नोकरी केलेलं लढाऊ विमान आरशासारखं नसतं, पत्रा मंद होतो. काकांनाच विचारा की कुठले पत्रे उजळ होते आणि कुठले काळवंडलेले, त्यांनी हाताने उघडलेत ते! मग प्रायमर ४००० पर्यंत घासून थेट धातू. तुमचा एक्स-१ सगळ्यात जास्त वेळ ओला राहतो, तंतूंना तेवढा वेळ मिळतो. तो थरच गेला तर अर्धी लढाई संपली. अल्क्लॅड काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो.

तरी एखाद्या पत्र्याला काळा लागलाच तर एक्स-१ मध्ये एक्स-२०ए (टामियाचा नेहमीचा थिनर) च्या ऐवजी लेव्हलिंग थिनर घाला, त्यात रिटार्डर म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य असतं, त्यामुळे थेंब पोचेपर्यंत वाळत नाही, पसरतो, आणि तरीही नुसत्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा लवकर आवळतो. प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास, नोझल जवळ, पातळ थर. पहाटे बसा. तेव्हा ऊन नसतं, आणि माग बंद असायचा दिवस गाठलात तर दुधात साखर.

मास्क कार्ट्रिजवाला घ्या, ऑरगॅनिक व्हेपरचा. कापडी मास्कने लॅकरची वाफ अडत नाही.

डीकल्सना (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा-आकड्यांना) नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि चंदेरीवर ते ठळक दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. मास्किंग टेप धातूवर लावायच्या आधी हाताच्या पाठीवर एकदोनदा चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करा, नाहीतर रंग सोलून येतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. उदबत्ती धरून बघितली, धूर दाराच्या फटीतून सरळ आत आला आणि बूथकडे वळला, इचलकरंजीच्या दादांना मानलं. एसीचा फिल्टर आणलाय, झडपेला लाकडी चौकट करून बसवतोय.

काकांकडे पण जाऊन आलो. ते म्हणाले मागचा भाग, जिथे आत इंजिनाची नळी असते, तो तापून तापून तपकिरी-निळसर व्हायचा, आणि पंख शरीरापेक्षा उजळ दिसायचे. कागदावर स्वतः पेन्सिलने पत्रे काढून त्यावर उजळ, मंद, जळका असं लिहून दिलंय. नाकाच्या दांडीवरूनही मला टोकलं, पिटोची दांडी (हवेचा वेग मोजणारी नळी) जुन्या मिग-२१ एफ-१३ ला खाली होती, आपल्याला वरच्या बाजूला पाहिजे.

तेव्हा काळा थर फक्त पंखांना, बाकी ग्रे वरून थेट. एकच शंका राहिली, किटमध्ये पोटाखालची तेलाची टाकी पण आहे आणि गन पॉड पण आहे, दोन्ही लावू का?

प्रतिसाद

दोन्ही नाही. पॉड पोटाखाली मधोमध बसतो, टाकीची जागा तीच, त्यामुळे एकच काहीतरी. काकांना पॉड हवा म्हणताय तर पॉड लावा आणि पंखाखाली दोन के-१३ मिसाइल (विमानावर मारायची). टाकीच्या पायलॉनसाठी (टाकी टांगायच्या खांबासाठी) पोटाला भोक दिलेलं असेल तर ते रंगाआधी बुजवा. आणि पिटोची दांडी सगळ्यात शेवटी चिकटवा, डीकल्स लावताना हात लागून तीच पहिली मोडते.