मुरबाडच्या जागेवर सरपण तोडायला कोयता कोणता घ्यावा?

बी-४०३: सोसायटीच्या ग्रुपवरच्या मंडळींना नमस्कार. मुरबाडला आमची थोडी जागा आहे, अधूनमधून मुक्कामाला जातो. चुलीसाठी लाकूड तोडायला काहीतरी हवंय. ऑनलाइन एक काळा मोठा सुरा बघितला, पाठीला करवतीसारखे दाते आहेत. पण किंमत दोन हजारांच्या वर. हजाराच्या आत काही सुचवाल का?

ए-१०१: तो नका घेऊ. त्या दात्यांनी लाकूड कापलं जात नाही. शिवाय सुरा फांदीत अडकला की पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकावं लागतं, दाते असले की तेही जमत नाही. पाठ सपाट आणि जाड हवी.

सी-२०२: अरे, सरळ कोयता घे की. पण आधी सांग, लाकूड कसलं आणि केवढं जाड?

बी-४०३: काकू, सुबाभळीच्या आणि आंब्याच्या वाळक्या फांद्या आहेत, मनगटाएवढ्या. दोन-तीन मोठे ओंडकेही पडलेत.

सी-२०२: ओंडक्यांना कोयता लावूच नकोस, त्याला कुऱ्हाड नाहीतर करवत. मनगटापर्यंतच्या फांद्यांना मात्र कोयत्यासारखं दुसरं काही नाही. आमच्या दापोलीकडे घरटी एक असतोच. दुकानात गेलास की हातात घे आणि दंड सैल सोड. कोयत्याचं तोंड आपसूक पुढे झुकलं पाहिजे, म्हणजे घाव वजनाने बसतो, खांद्याला त्रास होत नाही. पातं दहा-अकरा इंच पुष्कळ झालं. वजन पाऊण किलोच्या आसपास ठेव. जड घेतलास तर अर्ध्या तासात हात भरून येतो, आणि हात थकला की घाव चुकतो.

टोकाला आत वळलेली चोच असलेलाच घे. फांदी ओढायला ती लागतेच, शिवाय घाव खाली गेला तर आधी चोच टेकते, धार दगडावर आपटत नाही.

आणि मूठ नीट बघ. पात्याचं शेपूट मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवलेलं असावं. पुढे लोखंडी शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडावरचं कडं, घट्ट बसलेली हवी. शेंबी बोटाने फिरली तर तो कोयता परत ठेव, बाकी कितीही चांगला असला तरी. पातं मुठीतून निसटलं तर समोर कोण उभं आहे हे ते बघत नाही.

ए-७०४: आमच्याकडे मटणाचा स्टीलचा सत्तूर आहे, तो चालणार नाही का?

ए-१०१: नाही. त्याची घडण वेगळी, वाळक्या लाकडावर धारेचे तुकडे उडतील. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये नोकरी केली, म्हणून पोलादाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. लोहाराला विचारा, ‘पाट्याचा आहे का?’ म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे तो पाणी घेतो, म्हणजे तापवून थंड केल्यावर कडक होतो. साध्या लोखंडी पट्टीत पाव टक्काही कार्बन नसतो. तिचा कोयता दिसायला तसाच, पण चार घावांत धार दुमडते.

सोबत छोटी कानस घेऊन जा आणि दुकानदाराला विचारून धारेजवळ हलकी ओढा. लोण्यासारखं खरवडून निघालं तर मऊ आहे. काचेवरून घसरल्यासारखी नुसती सटकली तर अति कडक, गाठीवर धार फुटेल. किंचित धरून, कुरकुरत गेली पाहिजे.

अजून एक. नवीन कोयत्याच्या धारेवर निळी-जांभळी झाक दिसली तर सोडून द्या. ग्राइंडरवर तापला आहे तो. पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं की निळं पडतं, मग तिथलं पाणी उतरलेलं असतं. घरी धार लावतानाही ग्राइंडर नको, कानस आणि दगड पुरे.

बी-४०३: काका, हे ऑनलाइन कुठेच वाचलं नव्हतं. गंजेल का?

सी-२०२: गंजणारच, पाट्याचं पोलाद आहे ते. वापरून झालं की चीक पुसायचा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू नकोस, तिथूनच गंज धरतो. धार फारच गेली तर लोहाराकडून शेवटून घे, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून घे.

डी-३०१: नेताना जपा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, पण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं घेऊन फिरण्यावर मनाई आदेश वेळोवेळी निघतात. लोकलमध्ये किंवा स्कूटरला लटकवून नकोच. गोणपाटात बांधून गाडीच्या डिकीत, आणि तोही थेट शेतावर.

सी-२०२: त्यापेक्षा मुरबाडच्या बाजारातच घे आणि तिथेच कुलपात ठेव, पोरांच्या हाती लागायला नको. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावाची जत्रा असते, तिथेही अवजारं मिळतात, पण तेवढं थांबायची गरज नाही.

बी-४०३: हे बरं झालं. येताना आपल्या गेटजवळच्या गुलमोहोराची लोंबती फांदीही उतरवून टाकू का?

सेक्रेटरी: कृपया नको. शहरातल्या झाडाला हात लावायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मी उद्यान विभागाला अर्ज देतो. येऊरला सरपण गोळा करायचा कुणाचा विचार असेल तर तोही सोडा, ते जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं.

ए-१०१: तोडताना खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, दगड नको. घाव सरळ आडवा न घालता तिरपा घाला, एकदा इकडून, एकदा तिकडून. पाय फाकवून उभे राहा आणि फांदी धरलेला हात घावापासून लांब ठेवा.

बी-४०३: काका, येत्या रविवारी सकाळी निघतोय. गाडीत जागा आहे, याल का?

ए-१०१: येतो. कानस माझ्याकडे आहे, तुम्ही आणू नका.